कळप आटत असताना कॅरिबूची शिकार चालू कशी?

प्रश्न असा आला आहे : उत्तर कॅनडात आणि अलास्कात कॅरिबू या थंड प्रदेशातल्या हरणांचे कळप झपाट्याने घटत आहेत, तरीही तिथल्या मूळ रहिवाशांना त्यांची शिकार करू दिली जाते, हे कसे? सरसकट बंदी का घालत नाहीत, आणि आणखी तीस वर्षांनी ही शिकार उरेल का?

प्रश्नकर्त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्याकडचे चित्र आहे, हे उघड आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून शिकार म्हणजे गुन्हा आणि शिकार थांबली की प्राणी वाचला, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. गेली वीस-एक वर्षे मी कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाच्या राजधानीत, यलोनाइफला राहून कॅरिबूंची गणना आणि शिकारीच्या मर्यादा ठरवणे या कामात आहे, आणि इथे येताना तेच समीकरण मीही सोबत आणले होते. ते पूर्णपणे चुकीचे नाही. पण कॅरिबूला जसेच्या तसे लागू करायला गेले की ते फसते.

कॅरिबू आणि सायबेरिया-स्कँडिनेव्हियातले रेनडियर ही एकच जात. हरणांच्या कुळात मादीलाही शिंगे असणारी ही एकमेव जात होय. हिवाळ्यात हे प्राणी दक्षिणेकडच्या विरळ जंगलात राहतात आणि वसंतात शेकडो किलोमीटर चालून टुंड्रावरच्या ठरलेल्या वीणभूमीवर पोहोचतात. एवढा पसारा कोणत्याही अभयारण्यात मावत नाही. त्यांचे हिवाळ्यातले मुख्य खाद्य म्हणजे लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यात दगडफूल घालतात, ते याच कुळातले. हे लायकेन वर्षाला काही मिलिमीटरच वाढते, आणि एकदा वणवा फिरला की तिथे पुन्हा चरण्याजोगा थर जमायला अर्धशतक लागू शकते. 2014 मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये सुमारे 34 लाख हेक्टर क्षेत्र जळाले. 2023 च्या ऑगस्टमध्ये तर वणव्यामुळे आम्हाला अख्खे यलोनाइफ शहर रिकामे करावे लागले.

मला सर्वांत जवळून माहीत असलेला कळप बाथर्स्टचा. शेजारच्या नुनावुत या प्रदेशातल्या बाथर्स्ट खाडीच्या परिसरात विणणारा आणि हिवाळ्यात आमच्या बाजूला उतरणारा हा कळप 1986 मध्ये सुमारे 4,70,000 जनावरांचा होता. 2003 मध्ये तो 1,86,000 वर आला, 2009 मध्ये 32,000 वर, 2018 मध्ये 8,200 वर, आणि 2021 च्या गणनेत 6,240 वर. पस्तीस वर्षांत शंभरातले जेमतेम एक-दीड जनावर उरले.

हे आकडे येतात कुठून, असा संशय गावोगावच्या सभांत नेहमी व्यक्त होतो, आणि तो रास्त आहे. जूनच्या सुरुवातीला माद्या विण्यासाठी एकत्र येतात, तेव्हा विमानाने समांतर पट्ट्यांत उडत छायाचित्रे घेतली जातात आणि मग पडद्यावर एकेक ठिपका मोजला जातो. त्याच दिवसांत हेलिकॉप्टरमधून काही गट जवळून पाहतात, कारण नुसती माद्यांची संख्या पुरत नाही. त्यांतल्या किती विणणाऱ्या आहेत, हे कळावे लागते. इथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. गाभण मादी साधारणपणे विण्याच्या दिवसांपर्यंत शिंगे टाकत नाही, भाकड मादीची शिंगे त्याआधीच गळून गेलेली असतात. त्यामुळे शिंगे आहेत का, कास भरली आहे का, पायाशी पाडस आहे का, या तीन खुणांवर वरून धावता अंदाज बांधता येतो. पहिल्या वर्षी हे शिकताना मला हेलिकॉप्टरमध्ये मळमळून आले होते आणि माझ्या नोंदींचा निम्मा कागद नंतर रद्द करावा लागला, हे जाता जाता कबूल करतो.

गावातले वृद्ध शिकारी म्हणतात की कॅरिबू मेले नाहीत, दुसरीकडे गेले. सुरुवातीला आम्ही हे म्हणणे फारसे मनावर घेत नव्हतो. पुढे 2018 नंतर, ठावठिकाणा कळवणारी कॉलर गळ्यात लावलेल्या काही बाथर्स्ट माद्या आपली वीणभूमी सोडून पूर्वेला, क्वीन मॉड आखाताकडच्या कळपात विण्यासाठी गेलेल्या आढळल्या. एवढी मोठी घट केवळ स्थलांतराने समजावता येत नाही, ही गोष्ट खरी. पण वृद्धांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते, हेही तितकेच खरे.

मग घट झाली कशाने? एका कारणावर बोट ठेवणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे. कॅरिबूंची संख्या पिढ्यान्‌पिढ्या वरखाली होत आली आहे. त्यांच्या वाटांवरच्या काळ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या उघड्या मुळांवर खुरांचे वण उरतात, आणि त्या वणांची वर्षे खोडाच्या वलयांप्रमाणे मोजून जुने चढउतार ताडता आले आहेत. डेने या इथल्या मूळ रहिवाशांतल्या वृद्धांच्या आठवणींतले भरतीचे आणि ओहोटीचे काळही साधारण त्याच सुमाराचे निघतात. या वेळच्या ओहोटीत मात्र पूर्वी नसलेल्या गोष्टी मिसळल्या. हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडून कवच गोठते आणि लायकेन त्याखाली बंद होते. उन्हाळे तापले की डास आणि वॉर्बल माश्या (यांच्या अळ्या जनावराच्या कातड्याखाली वाढतात) जनावराला चरू देत नाहीत. दिवसभर डोके झटकत पळणारी मादी शरद ऋतूत चरबीविना उरते, आणि चरबीविना असलेली मादी त्या वर्षी गाभण राहत नाही. शिवाय 1998 पासून बाथर्स्ट कळपाच्या क्षेत्रात एकाटी, डायव्हिक, स्नॅप लेक, गाचो कुए अशा हिऱ्यांच्या खाणी एकामागून एक सुरू झाल्या आणि कॅरिबू त्यांच्या आसपासचा बराच टापू टाळू लागले. लांडगे आहेत, अस्वले आहेत. 1986 ते 2003 या काळातली घट शिकारीने सुरू केली, असे मला वाटत नाही.

पण ओसरत्या कळपावरची शिकार म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, आणि हे समजण्यासाठी एक ढोबळ हिशेब पुरेसा आहे. शंभर प्रौढ माद्या धरा. कॅरिबूला वर्षाला एकच पाडस होते. बऱ्या वर्षात शंभरातल्या 87 माद्या जगतात आणि हिवाळ्याच्या अखेरीस शंभर माद्यांमागे 40 पाडसे उरतात. त्यांतल्या निम्म्या माद्या, म्हणजे 20. एकूण 107 झाल्या. हा वेग टिकला तर दहा वर्षांत कळप जवळजवळ दुप्पट होतो. वाईट काळात 80 माद्या जगतात आणि 30 पाडसे उरतात, म्हणजे 80 अधिक 15, एकूण 95. दहा वर्षांनी शंभराच्या साठ उरतात. आता याच वाईट काळात शिकाऱ्यांनी दरसाल शंभरामागे फक्त चार माद्या जास्तीच्या मारल्या, तर दहा वर्षांनी उरतात 39. शिकाऱ्याच्या दृष्टीने चार माद्या म्हणजे एका कुटुंबाच्या हिवाळ्याचे मांस. कळपाच्या दृष्टीने तो साठ आणि एकोणचाळीस यांतला फरक. नरांचे गणित इतके कडक नसते, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणूनच आमच्याकडच्या बहुतेक निर्बंधांत पहिली ओळ ‘मादी मारू नये’ ही असते. अडचण अशी की हिवाळ्यात मादीचे मांस लोकांना जास्त आवडते. ऑक्टोबरच्या माजात नर खाणे सोडून देतो, त्यानंतर हाडकुळा होतो, आणि त्या काळात त्याच्या मांसाला उग्र वास येतो.

दुसरी गोष्ट आकड्यांत दिसत नाही. कळप घटतो तसा तो विरळ होत जात नाही, तो एकवटतो. क्षेत्र आकसते, पण उरलेली जनावरे दाटीनेच राहतात. त्यामुळे वाटेवर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला अखेरपर्यंत पूर्वीसारखाच भरगच्च कळप दिसतो आणि मग एखाद्या वर्षी काहीच दिसत नाही. याच काळात कुत्र्यांच्या गाडीची जागा स्नोमोबिलने आणि ट्रकने घेतली, आणि खाणींसाठी दर हिवाळ्यात गोठलेल्या तलावांवरून तयार होणारा रस्ता थेट कळपाच्या हिवाळी क्षेत्रात जाऊ लागला. पूर्वी कॅरिबू कमी असले की ते शोधण्यातच शिकाऱ्याचा हिवाळा सरे. तो अडथळा हा एक प्रकारचा आपोआप लागणारा निर्बंध होता. आता कळप कुठे आहे, हे फेसबुकवर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेले असते.

2009 चा 32,000 हा आकडा आला, तेव्हा काही हजार जनावरांची वार्षिक शिकार चालू होती, आणि त्यांत माद्या बऱ्याच होत्या. जानेवारी 2010 मध्ये बाहेरून येणाऱ्या हौशी शिकाऱ्यांच्या सहली, व्यापारी शिकार आणि इतर रहिवाशांची शिकार बंद झाली. त्यानंतर त्लिचो या डेने समाजाच्या स्वतःच्या सरकारशी बोलून मूळ रहिवाशांची मर्यादा सुमारे 300, बहुतांश नर, अशी ठरली. 2015 मध्ये तीही बंद झाली आणि एक फिरते निषिद्ध क्षेत्र आले : कॉलर लावलेली जनावरे जिथे असतील त्याभोवती रेषा आखायची, त्या रेषेच्या आत कोणीही शिकार करायची नाही, आणि जनावरे हलली की नवा नकाशा काढायचा. हिवाळ्यात बाथर्स्ट आणि बेव्हर्ली कळप शेजारी शेजारी चरतात, समोरचे जनावर कोणत्या कळपाचे हे बंदुकीच्या टप्प्यातून ओळखता येत नाही, म्हणून ही युक्ती. ती निर्दोष नाही. रेषेच्या आत गोळ्या झाडल्या गेल्या आहेत, रस्त्याकडेला वाया घालवलेले मांसही सापडले आहे, आणि त्याबद्दल सर्वांत जास्त संताप गावातल्या वृद्धांनाच आला होता.

म्हणजे मूळ प्रश्नातले गृहीतक इथे थोडे दुरुस्त करायला हवे. सर्वांत संकटात असलेल्या कळपांवर बंदी आहे; नसेल तिथे अत्यल्प मर्यादा आहे. फरक एवढाच की ती कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या संमतीने आली, याला कॅनडात कायद्याचे वजन आहे. 1982 च्या राज्यघटनेच्या कलम 35 ने मूळ रहिवाशांचे हक्क मान्य केले, आणि 1990 च्या स्पॅरो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्रम लावून दिला : आधी प्राण्याचे रक्षण, मग मूळ रहिवाशांचे अन्न, आणि काही उरलेच तर व्यापार आणि हौस. त्यामुळे हौशी शिकाऱ्यांना थांबवण्याआधी अन्नासाठीची शिकार थांबवणे सरकारला जवळजवळ अशक्य आहे. आपल्याकडच्या मित्रांना मी हे सांगतो, तेव्हा त्यांना हा क्रम उलटा वाटतो. शिकार म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे संस्थानिक आणि भिंतीवर टांगलेले वाघाचे मुंडके येते, रॉकेलच्या चुलीवर उकळणारे मांसाचे पातेले येत नाही.

नुनावुतमधल्या एकाही गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. किराणा विमानाने येतो किंवा उन्हाळ्यात जहाजाने, आणि भाव त्या हिशेबाने असतात. बॅफिन बेटावरचे कॅरिबू 2014 च्या गणनेत सुमारे 5,000 उरल्याचे दिसले, जानेवारी 2015 मध्ये तिथे पूर्ण बंदी आली, आणि त्याच वर्षी ती बदलून 250 नरांची मर्यादा घातली गेली. पण लोकांची भूक बंदीने बंद होत नाही. बॅफिनवर जनावर दुर्मिळ होऊ लागले, तसे साउदॅम्प्टन बेटावरून मांस विमानाने येऊ लागले आणि त्याची खरेदी-विक्री ऑनलाइन होऊ लागली. तो कळप 1967 मध्ये कोट्स बेटावरून आणून सोडलेल्या 48 जनावरांतून वाढला होता आणि एके काळी तिथे व्यापारी शिकारही चालत असे; त्याच्यावर ताण आला आणि तिथेही मर्यादा घालावी लागली. एका ठिकाणी दार लावले की गर्दी शेजारच्या दाराशी होते, म्हणून मर्यादा शेजारच्या कळपांसह ठरवावी लागते.

बंदीला आणखी एक किंमत आहे, आणि माझ्या कामाच्या दृष्टीने ती मोठी आहे. शिकारी जनावर सोलतो तेव्हा पाठीच्या शेपटीकडच्या भागावरची चरबी किती बोटे आहे, हे पाहतो. हाड फोडून मगज पाहतो. धडधाकट जनावराचा मगज पांढरट आणि घट्ट, उपाशी जनावराचा लालसर आणि पाणचट. गुडघे सुजलेले आहेत का, कातड्याखाली अळ्या किती, काळजावर डाग आहेत का, हे सगळे त्याच्या हातांना माहीत असते. याच नोंदी आणि खालच्या जबड्याचे, मूत्रपिंडाचे नमुने शिकारी आम्हाला आणून देत. शिकार बंद झाली आणि ही माहितीही बंद झाली. विमानातून मगज दिसत नाही. यावर त्लिचो लोकांनी 2016 पासून एक उपाय काढला आहे. वृद्ध आणि तरुण मिळून उन्हाळ्यात कॉन्टवॉयटो तलावाच्या परिसरात तळ ठोकतात, पायी फिरून बाथर्स्ट कळपावर नजर ठेवतात, लंगडणारी मादी, पाडसांची संख्या, लांडग्यांचा माग, कोणत्या दिवशी डास उठले, असे सगळे टिपून घेतात. आमच्या अहवालांत त्या नोंदी आता कॉलरच्या आकड्यांच्या बरोबरीने येतात.

इतर कळपांबद्दल थोडक्यात. क्यूबेक-लॅब्राडॉरमधला जॉर्ज रिव्हर कळप 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सात लाखांच्या वर होता. 2018 मध्ये 5,500 उरले. लॅब्राडॉरने 2013 मध्ये सर्वांसाठी बंदी घातली. इन्नू या तिथल्या मूळ रहिवाशांतल्या काही शिकाऱ्यांनी ती मानली नाही, कारण तो निर्णय आपल्यावर लादला गेला, अशी त्यांची भावना होती. त्याच वर्षी इन्नू, इन्युइट, क्री आणि नास्कापी समाजांनी एकत्र येऊन स्वतःचे व्यासपीठ उभारले, जे काम खरे तर बंदीच्या दहा वर्षे आधी व्हायला हवे होते. अलास्कातला वेस्टर्न आर्क्टिक कळप 2003 मध्ये 4,90,000 होता, 2023 मध्ये 1,52,000. तिथे दिवसाला पाच जनावरे मारण्याची मुभा होती, ती काढून वर्षाला पंधरा आणि त्यांत एकच मादी, असा नियम 2024 मध्ये झाला. माझ्या मते ही वेळेवर केलेली कपात आहे, म्हणजे कळप लाखांत असतानाच केलेली. हाच कळप 1970 मध्ये 2,42,000 होता आणि 1976 पर्यंत 75,000 वर घसरला होता. त्यातून तो सावरला. उलट अलास्का आणि युकॉन यांच्या सीमेवरचा पोर्क्युपाइन कळप 2017 मध्ये 2,18,000 म्हणजे नोंदीतल्या सर्वोच्च संख्येवर होता, आणि ग्विचिन या तिथल्या मूळ रहिवाशांसह सगळ्यांनी 2010 मध्येच कोणत्या आकड्याला कोणते निर्बंध लागतील, हे आधीच ठरवून ठेवले होते. भांडणे टाळायची तर नियम भरतीच्या काळात लिहावेत.

ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरी कॅरिबूंची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. क्लिन्से-झा कळपाला आधी धरणाच्या जलाशयाने तोडले, मग लाकूडतोड आणि रस्त्यांनी जंगल कोवळे केले. कोवळ्या झाडीबरोबर मूस ही मोठी हरणे आली आणि मूसबरोबर लांडगे. वेस्ट मोबर्ली आणि सॉल्टो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या समाजांनी आपणहून शिकार सोडून दशके झाली होती, तरी 2013 मध्ये 38 च कॅरिबू उरले होते. हे एकटे उदाहरण ‘शिकार थांबली की प्राणी वाचतो’ या समीकरणाला पुरेसे उत्तर आहे. त्यानंतर त्यांनी लांडग्यांची संख्या कमी केली, डोंगरावर कुंपण घालून गाभण माद्यांना विण्यासाठी आत ठेवले, त्यांच्यासाठी लायकेन हाताने गोळा केले, आणि 2020 मध्ये केंद्र आणि प्रांत या दोन्ही सरकारांशी करार करून मोठा भूभाग राखून घेतला. 2021 पर्यंत कळप शंभराच्या पुढे गेला. पुन्हा एकदा शिकार करता यावी इतके कॅरिबू, हे त्यांचे जाहीर उद्दिष्ट आहे, आणि ते लपवण्याची त्यांना गरज वाटत नाही. लांडगे मारण्याबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे : त्याने वेळ विकत मिळतो, जमीन मिळत नाही. जंगल परत वाढू दिले नाही, तर लांडगे कायमच मारत राहावे लागतील.

आता तीस वर्षांचा प्रश्न. पोर्क्युपाइनसारख्या कळपांची शिकार तेव्हाही चालू असेल, असे मला वाटते. अट एवढीच की अलास्कातल्या किनारपट्टीवरची त्यांची वीणभूमी तेलासाठी खोदली जाऊ नये. बाथर्स्टसाठी वरचाच हिशेब पुढे नेऊ. उद्यापासून सगळे अनुकूल झाले, कळप दरसाल 7 टक्क्यांनी वाढू लागला, आणि मध्ये एकही वाईट हिवाळा आला नाही, असे धरले तरी 2021 च्या 6,240 चे तीस वर्षांत 47,000 च्या आसपास होतात. 1986 च्या एक-दशांश. त्यातून वर्षाला शे-दोनशे नर काढता येतील, एका गावाला एका हिवाळ्यासाठी. तोवर लोक मासे, मूस आणि कस्तुरी बैल यांच्यावर भागवतील. डेलिने गावाने 2016 मध्ये स्वतःचा आराखडा करून ब्लूनोज-ईस्ट कळपाबाबत हीच वाट धरली आहे : कळप जितका खाली, तितकी शिकार कमी आणि इतर अन्न जास्त.

2015 मध्ये जी मुले दहा वर्षांची होती, ती आज विशीत आहेत आणि त्यांनी बाथर्स्टचे एकही जनावर मारलेले नाही. मांस पातळ कापून धुरावर वाळत घालणे आणि डफासाठी कातडे ताणणे ती निषिद्ध रेषेपलीकडून आणलेल्या बेव्हर्ली कळपाच्या जनावरांवर शिकतात. कॉन्टवॉयटोच्या तळावर ती दिवसभर दुर्बिणीला डोळे लावून बसतात, संध्याकाळी वही वृद्धांसमोर ठेवतात, आणि ‘त्या मादीच्या मागे पाडस होते की नव्हते’ यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालतो.